लेझरखालची देवनागरी: छपाईच्या कामात लेझर कटिंग वापरताना

उपयोजित कलेच्या महाविद्यालयांत आणि अभिकल्पाच्या संस्थांत लेझर कटिंगचे यंत्र आता सहज दिसू लागले असले, तरी छपाईच्या कामासाठी ते वापरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. पडद्यावर नेटके दिसणारे अक्षर कापल्यावर तुटून का पडते, पांढऱ्या कागदाची कड तपकिरी का होते, छापलेल्या चित्राशी काप का जुळत नाही आणि तयार झालेल्या कामावर हक्क नेमका कोणाचा, हे ते प्रश्न होत. या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याची सर्वांत मोठी अडचण, म्हणजे देवनागरीची घडण, त्यात येतच नाही. म्हणून पुढील मांडणीत तिला अधिक जागा दिली आहे.

कागद, लाकूड आणि ॲक्रिलिक कापणारी यंत्रे बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझरवर चालतात. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार एन. पटेल यांनी हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवला. त्याचा झोत १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त झोत असतो आणि कागद तो चटकन शोषून घेतो, त्यामुळे झोत पडेल त्या रेषेवरचा कागद जळून उडून जातो. या उडून गेलेल्या पट्टीच्या रुंदीला कर्फ म्हणतात. कर्फ साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो. तो किती आहे हे यंत्र, भिंग आणि कागद यांवर ठरते, म्हणून प्रत्येक कामाआधी तो मोजून घ्यावा.

आधी ठरवावे: लेझर हवा की डाय?

यंत्र उपलब्ध आहे म्हणून काम लेझरवर नेणे ही सर्वांत महाग चूक ठरते. लेझर प्रत्येक प्रतीला तितकाच वेळ घेतो, तर डाय पंचिंगमध्ये, म्हणजे पोलादी पात्या बसवलेल्या साच्याने एका दाबात कागद कापण्याच्या पद्धतीत, सगळा खर्च साचा बनवताना होतो आणि पुढची प्रत्येक प्रत झटपट निघते. समजा, एका लग्नपत्रिकेवरील जाळीकामाच्या सर्व रेषांची एकूण लांबी ६ मीटर आहे आणि कापण्याचा वेग सेकंदाला २० मिमी आहे, तर एका पत्रिकेला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे लागतील आणि २०० पत्रिकांना कागद बदलण्याचा वेळ न धरताही १६ तास ४० मिनिटे लागतील. मिनिटावर दर लावणाऱ्या दुकानात हे गणित आधी मांडलेले बरे.

- पाच-दहा प्रतींसाठी, प्रत्येक प्रतीवर वेगळे नाव असेल तेव्हा किंवा पात्याने न वळवता येणारी बारीक नक्षी असेल तेव्हा लेझर निवडावा.
- शेकडो प्रती, साधा आकार आणि घडीच्या रेषा असतील, तर डाय आणि क्रीजिंग निवडावे. जुन्या ट्रेडल यंत्रांवर हे काम अनेक छापखान्यांत अजूनही होते.
- स्टिकर किंवा विनाइल कापायचे असेल, तर पाते असलेला कटिंग प्लॉटरच वापरावा. विनाइल लेझरखाली का चालत नाही, हे पुढे येईल.
- नमुन्याची एकच प्रत हवी असेल, तर धारदार कटर आणि पोलादी पट्टी यांना कमी लेखू नये. हाताने एकदा कापून पाहिलेल्या विद्यार्थ्याला अक्षराचा कोणता भाग कशाच्या आधाराने उभा आहे, हे बोटांनी कळलेले असते.

फाइल तयार करताना: शिरोरेखा जोडून घ्यावी

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेखा घेऊन येते आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेखेवर थोडे चढते. छपाईत हा चढाव दिसत नाही, कारण काळ्यावर काळे बसते. पण मजकूर रेषांत बदलल्यावर प्रत्येक अक्षराची पूर्ण बाह्यरेषा शिल्लक राहते आणि यंत्र ती इमानाने कापते. परिणामी शब्द अखंड निघण्याऐवजी प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेखा आडवी छेदली जाते, तर काना आणि वेलांटी सुटून पडतात. रोमन लिपीत अक्षरे मुळातच सुटी असल्यामुळे ही अडचण क्वचितच येते आणि म्हणूनच शिकवणाऱ्या चित्रफितींत तिचा उल्लेख सहसा नसतो. फाइल पाठवण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा:

1. मजकूर अंतिम करून शुद्धलेखन तपासावे आणि मूळ मजकूर असलेली फाइल वेगळी जपून ठेवावी, कारण रेषांत बदललेल्या मजकुरातील ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा सुधारता येत नाही.
2. मजकूर रेषांत बदलावा. कोरल ड्रॉमध्ये याला कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स आणि इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ म्हणतात. हे न करता फाइल दुकानात दिल्यास तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल आणि जोडाक्षरे मोडतील.
3. सर्व अक्षरे एकजीव करावीत. कोरलमधील वेल्ड, इलस्ट्रेटरमधील युनाइट आणि इंकस्केपमधील युनियन या आज्ञा हेच काम करतात.
4. भरलेला रंग काढून केवळ रेषांच्या दृश्यात, म्हणजे वायरफ्रेममध्ये, शब्द मोठा करून पाहावा. शिरोरेखेच्या आत एकही आडवी-उभी रेष उरता कामा नये.
5. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा काढून टाकाव्यात. अशा जागी यंत्र दोनदा फिरते आणि कड करपते.
6. स्कॅन केलेल्या सुलेखनावरून रेषा काढल्या असतील, तर त्यांवरील अनावश्यक बिंदू कमी करावेत. हजारो बिंदूंच्या रेषेवर यंत्राचे डोके अडखळत चालते आणि प्रत्येक अडखळीला कागद थोडा अधिक जळतो.
7. कापायच्या, ओरखडायच्या आणि कोरायच्या रेषांना वेगवेगळे रंग द्यावेत. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते, म्हणून ते विचारून घ्यावे. आतील रेषा आधी आणि बाहेरची कड शेवटी कापली जाईल असा क्रम लावावा, कारण कड आधी सुटली की कागद हलतो.

अक्षर उरवायचे की काढून टाकायचे?

कागदातून अक्षर दोन प्रकारे मिळते. पहिल्या प्रकारात भोवतालचा कागद जातो आणि अक्षर हातात उरते. इथे देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी भाग्यवान आहे, कारण शिरोरेखा अख्खा शब्द तोरणासारखा धरून ठेवते आणि कंदिलावर किंवा शुभेच्छापत्रावर तो एका तुकड्यात चिकटवता येतो. सुटून पडतात ते अनुस्वार, विसर्गाचे ठिपके आणि पुष्कळ फॉन्टमध्ये ‘ॲ’वरची चंद्रकोर. ‘आनंद’ कापताना अनुस्वार यंत्राच्या टेबलाच्या जाळीतून खाली गेला की हातात ‘आनद’ उरतो. यावर उपाय दोनच: ठिपका थोडा खाली ओढून शिरोरेखेला टेकवावा किंवा तो वेगळा कापून चिकटवताना पुन्हा बसवावा. पहिला उपाय टिकाऊ असतो आणि अक्षराच्या वळणाशी जुळवून केल्यास देखणाही दिसतो.

दुसऱ्या प्रकारात अक्षरच कापून काढले जाते आणि कागदात त्याच्या आकाराची खिडकी उरते. यालाच स्टेन्सिल म्हणतात. येथे शिरोरेखेची लांबलचक फट पडल्यामुळे कागद मधोमध कमजोर होतो आणि ‘प’, ‘म’, ‘स’, ‘व’, ‘ठ’ यांसारख्या अक्षरांतील बंदिस्त पोकळ्या बेटांसारख्या सुटून पडतात. बेटाला मुख्य कागदाशी जोडून ठेवणाऱ्या अरुंद पट्टीला पूल म्हणावे. पूल कोठे टाकायचा, हा या साऱ्या कामातील सर्वांत नाजूक निर्णय आहे आणि तो संगणकावर किंवा तयार स्टेन्सिल फॉन्टवर सोपवण्यासारखा नाही.

देवनागरीत शिरोरेखेतील एवढीशी फटही अर्थ बदलते. ‘म’ आणि ‘भ’, तसेच ‘घ’ आणि ‘ध’ यांतील मुख्य भेद डाव्या बाजूची शिरोरेखा जोडलेली आहे की तुटलेली, एवढाच असतो. म्हणून ‘घर’ या शब्दातील ‘घ’ची पोकळी धरून ठेवण्यासाठी पूल डावीकडून शिरोरेखेत टाकला, तर वाचणारा ‘धर’ वाचतो आणि त्याच जागी पूल आलेला ‘मात’ हा शब्द ‘भात’ होतो. ‘ख’च्या दोन भागांमधून उभा पूल नेला की ‘र’ आणि ‘व’ वेगळे होतात आणि ‘खाना’ हा ‘रवाना’ वाटू लागतो. ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ पुलाने पूर्णच गाळली, तर ‘व’ उरतो. सुरक्षित जागा सहसा पुढीलप्रमाणे असतात:

- ‘म’, ‘घ’, ‘स’ यांच्या बाबतीत पूल शिरोरेखेत न टाकता खालच्या आडव्या रेघेत, उभ्या दंडाला लागून टाकावा.
- ‘प’ आणि ‘ष’ यांत पोटाचे वळण जिथे दंडाला मिळते तिथे पूल टाकावा. ‘ष’मधील तिरपी रेघ पोकळीचे दोन तुकडे करते, म्हणून दोन पूल लागतात.
- शब्दाची शिरोरेखा अक्षरागणिक तोडावी. दोन अक्षरांमधील ही फट म्हणजे आपोआप मिळालेला पूल असतो आणि तो डोळ्याला खुपतही नाही.

बोरूने किंवा कट निबने लिहिणारा सुलेखनकार जिथे लेखणी उचलतो, तिथे पूल टाकल्यास तो अक्षराचाच भाग वाटतो. म्हणून स्टेन्सिल करण्यापूर्वी तो शब्द एकदा बोरूने लिहून, लेखणी कोठे उचलली गेली ते पेन्सिलीने टिपावे. पुलाची रुंदी ३०० जीएसएम कागदासाठी दीड मिमीपासून सुरू करून पाहावी. उरवायची कोणतीही पट्टी कागदाच्या जाडीपेक्षा बारीक असू नये, ही मर्यादा मात्र सर्वत्र पाळावी.

फॉन्टची निवडही इथेच महत्त्वाची ठरते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की त्यातील पोकळ्या केवळ चिरांसारख्या दिसतात. लहान आकारात कापल्यास कर्फ त्या गिळून टाकतो किंवा भोवतालचा कागद काळवंडतो, पण मोठ्या आकारात तोच फॉन्ट मजबूत तुकडा देतो. त्याच संस्थेचा ‘बालू’ मधला आकारही सोसतो, तर ‘मुक्ता’च्या हलक्या वजनाची अक्षरे कागदात टिकत नाहीत. तिन्ही फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध असून व्यावसायिक कामातही वापरता येतात. विकत घ्यावयाच्या फॉन्टची चोरटी प्रत दुकानात देणे मात्र टाळावे; ती जबाबदारी काम देणाऱ्यावरही येते.

कागद आणि करपलेली कड

कागद वितळत नाही, तो जळतो, म्हणून कडेवर थोडा तपकिरीपणा येणे अटळ आहे. तो किती येऊ द्यायचा, एवढेच हातात असते. कागद कापला जाईल एवढीच कमीत कमी शक्ती आणि शक्य तेवढा जास्त वेग, हा मूळ नियम आहे. टाकाऊ कागदावर लहान चौकोनांची जाळी आखून प्रत्येक चौकोन वेगळ्या शक्तीने आणि वेगाने कापून पाहावा आणि जो चौकोन हलक्या बोटाने सुटतो पण कडेला सर्वांत कमी डागाळतो, त्याचे आकडे त्याच कागदावर लिहून ठेवावेत. हे आकडे दुसऱ्या यंत्राला किंवा दुसऱ्या कागदाला लागू पडत नाहीत.

धुराचा डाग वरच्या आणि खालच्या बाजूला सारखा पडत नाही, हेही लक्षात ठेवावे. खालची जाळी झोत परावर्तित करते आणि तिचे ठिपके कागदाच्या पाठीवर उमटतात; कागद जाळीपासून थोडा उचलून धरल्यास किंवा खाली टाकाऊ पुठ्ठा ठेवल्यास ते टळतात. कापाच्या जागी फुंकली जाणारी हवा कागदासाठी मंद ठेवावी, नाहीतर सुटलेले तुकडे उडून झोताखाली येतात. कागद पूर्ण सपाट असावा, कारण उचललेल्या कोपऱ्यावर झोताचा केंद्रबिंदू चुकतो आणि काप जाड होतो. कडेवरची काजळी ओल्या फडक्याने पुसली की कागदात मुरते. ती कोरड्या मऊ ब्रशने झटकावी.

लगदाच रंगवलेला गडद कागद करपलेली कड लपवतो. वरून रंग छापलेल्या कागदाची मात्र आतली पांढरी कड तपकिरी होऊन ठळक दिसते. हातकागदाची जाडी एकसारखी नसते, म्हणून त्यासाठी शक्ती किंचित वाढवून ठेवावी लागते. प्लास्टिक लॅमिनेशन केलेल्या कागदाची कड वितळून गोळा होते, त्यामुळे लॅमिनेशनचा मोह कापाच्या कामात टाळलेलाच बरा.

छपाईशी काप जुळवणे

छपाई आधी करावी आणि काप नंतर घ्यावा. उलट केल्यास जाळीचा कागद छपाई यंत्रात अडकतो. छापलेला कागद उष्णतेने आणि हवेतील ओलाव्याने किंचित लहान-मोठा होतो, म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर आणि कागद त्याच खोलीत काही तास ठेवल्यावरच काप घ्यावा. रंग कापाच्या रेषेबाहेर ३ मिमी पसरलेला असावा. मजकूर मात्र रेषेपासून तेवढाच आत ठेवावा.

जुळणीची भरवशाची पद्धत साधी आहे. यंत्राच्या टेबलावर टाकाऊ पुठ्ठा पक्का चिकटवावा, लेझरनेच त्यात काटकोनी खाच कापावी आणि प्रत्येक कागद त्या कोपऱ्याला टेकवून ठेवावा. मात्र कागदाच्या ज्या दोन कडा छपाई यंत्रात टेकवलेल्या होत्या, म्हणजे ग्रिपरची आणि साइड लेची कड, त्याच इथेही टेकवाव्यात. उरलेल्या दोन कडा गिलोटिनच्या कापात कमी-जास्त झालेल्या असू शकतात. छापखान्याला त्या कडांवर पेन्सिलीने खूण करून द्यायला सांगावे. एवढी काळजी घेऊनही अर्ध्या ते एक मिमीचा फरक पडू शकतो, म्हणून छापलेल्या बारीक रेषेवर बरोब्बर काप येईल अशी रचना मुळातच करू नये.

एक तुकडा दुसऱ्याच्या खिडकीत बसवायचा असेल, तर कर्फचा हिशेब करावा. कर्फ ०.२ मिमी असेल, तर २० मिमीचा तुकडा १९.८ मिमी निघतो आणि २० मिमीची खिडकी २०.२ मिमी होते, दोन्हींतील ०.४ मिमीची फट डोळ्याला दिसते, म्हणून तुकडा फाइलमध्येच तेवढा मोठा काढावा.

ठसा कोरायचा असेल तर

लायनो, लाकूड किंवा ॲक्रिलिकवर लेझरने भोवतालचा भाग खोदून उठावाचा ठसा बनवता येतो. यात अक्षर तळाला चिकटलेलेच राहते, त्यामुळे पुलांची गरज उरत नाही आणि अनुस्वारही सुरक्षित राहतो. प्रतिमा उलटी करण्यास विसरू नये. मोठ्या मोकळ्या जागा अधिक खोल खोदाव्यात, नाहीतर रोलरची शाई तळाला लागून कागदावर उमटते. ट्रेडलवर छापायचे असल्यास ठशाची एकूण उंची खिळ्याएवढी, म्हणजे ०.९१८ इंच किंवा सुमारे २३.३ मिमी, भरेल असा लाकडी आधार खाली लावावा.

यंत्रात कधीही घालू नयेत अशा वस्तू

पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो, फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे लोखंड खातो. म्हणून विनाइल, फ्लेक्स आणि रेक्झिन पूर्ण वर्ज्य आहेत. मॉडेल बनवताना विद्यार्थी सर्रास वापरतात तो सनबोर्ड बहुधा पीव्हीसीच्याच फोमचा असतो, हे विशेष ध्यानात घ्यावे. थर्माकोल भडकन पेटतो आणि पॉलिकार्बोनेट न कापता पिवळे पडून जळते. विक्रेत्याला पदार्थाचे नेमके नाव सांगता आले नाही, तर तो पदार्थ नाकारावा.

कागद कापताना यंत्रापासून एक क्षणही दूर जाऊ नये. धूर ओढणारा पंखा सुरू असल्याखेरीज काम सुरू करू नये आणि कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. झोत दिसत नसला, तरी तो डोळ्याच्या पारदर्शक पटलाला भाजतो. झाकणाचा सुरक्षा-स्विच बांधून ठेवलेले यंत्र दिसल्यास तिथे काम करण्यास नकार देणेच योग्य.

यंत्र कोठे मिळेल आणि हक्क कोणाचा

महाविद्यालयात यंत्र नसेल, तर नामफलक आणि ट्रॉफी बनवणारी दुकाने किंवा फॅब लॅब हे दोन मार्ग असतात. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रे लोकांना वापरू देणारी कार्यशाळा. अशा कार्यशाळांच्या जाळ्यात पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम अगदी सुरुवातीपासून आहे. या कार्यशाळांच्या सामायिक सनदेनुसार तिथे घडवलेली रचना जपण्याची आणि विकण्याची मुभा निर्मात्याला असते, मात्र ती इतरांना शिकण्यासाठी उपलब्ध राहावी अशी अपेक्षा असते. दुकानात काम देताना कागदाचे नाव आणि जीएसएम, प्रतींची संख्या, एक चाचणी प्रत आणि खराब प्रतींचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे आणि फाइल दुसऱ्याच्या कामासाठी वापरली जाणार नाही, हेही त्यात नमूद करावे.

भारताच्या प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा निर्माता असतो, पण याला एक अपवाद आहे आणि तो नेमका या विषयाला लागू पडू शकतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या एनग्रेव्हिंगचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, काम सांगणारी व्यक्ती ठरते आणि कायद्याच्या व्याख्येत एनग्रेव्हिंग या शब्दात वुडकट, लिथोग्राफ आणि प्रिंटही मोडतात. त्यामुळे एखाद्या प्रकाशनासाठी पैसे घेऊन ठसे कोरून देणाऱ्या विद्यार्थ्याने, हक्क स्वतःकडे ठेवायचे असल्यास, ते काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. दिवा किंवा पेटी अशा वस्तूवरील नक्षी पन्नासपेक्षा अधिक नगांवर औद्योगिक पद्धतीने उतरवली जाणार असेल, तर नोंदणीयोग्य पण न नोंदवलेल्या डिझाइनवरील प्रताधिकार संपतो. अशा वेळी डिझाइन कायदा, २००० खालील नोंदणीची चौकशी ती वस्तू बाजारात आणण्याआधी करावी, कारण एकदा प्रसिद्ध झालेले डिझाइन नवे मानले जात नाही. वारली चित्रे कापण्याचा मोह अनेकांना होतो. त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे. म्हणून संगणकावर सापडलेली आकृती गिरवण्यापेक्षा वारली चित्रकाराकडून चित्र काढून घ्यावे, त्याचा मोबदला द्यावा आणि पत्रिकेच्या पाठीवर त्याचे नाव छापावे.